रात्रीचा हिशेब

गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता, आठ दिवसांच्या आत, दोन कागद माझ्या टेबलावर आले. एरवी सीमेवरच्या हायस्कुलाच्या मुख्याध्यापकाने नाचगाण्याच्या थिएटरवर लेख लिहावा असा आपल्याकडे प्रघात नाही. आम्ही संतवाङ्मयावर लिहावे, फार तर सीमाभागातल्या मराठीच्या हालांवर लिहावे. पण ते दोन कागद शेजारी शेजारी ठेवून वाचले आणि गप्प बसणे अवघड झाले.

पहिला कागद म्हणजे हैदराबादच्या एका कार्यक्रमाची निमंत्रणपत्रिका. जाड, गुळगुळीत, सोनेरी किनारीची. विषय जुन्या हैदराबादच्या मैफलींच्या रात्री. गझल होणार, भाषणे होणार, शेवटी जेवण होणार. 'तहजीब' हा शब्द त्या एका पत्रिकेत तीन वेळा छापला होता.

दुसरा कागद म्हणजे परत आलेला अर्ज. आमच्या गावात ७७ वर्षांचे एक ढोलकीवाले आहेत. वृद्ध साहित्यिक व कलावंतांना मानधन देण्याची आपल्या राज्यात योजना आहे, आणि ती आजची नाही, १९५४-५५ पासूनची आहे. या गृहस्थांनी अर्ज केला. सोबत पुरावा हवा. वर्तमानपत्रातली कात्रणे, प्रशस्तिपत्रे, कार्यक्रमांच्या पत्रिका. यांच्याजवळ त्यातले एकही नाही. तेव्हा मी एका जुन्या हिशेबाच्या वहीची पाने झेरॉक्स करून, खाली सहीशिक्का करून जोडली. १९६४ ते १९७३ या काळात दर सोमवारी त्या वहीत त्यांचे नाव आहे, आणि नावापुढे 'ढोलकी' असे लिहून रक्कम मांडलेली आहे. बैठकीतून शेरा आला तो असा: थिएटरच्या जमाखर्चाची वही हा कलेचा पुरावा होऊ शकत नाही.

ही बैठक कोणती आणि शेरा कोणी मारला हे मी लिहिणार नाही. शेरा मारणारा माणूस वाईट नाही. तो आपल्या सगळ्यांच्या मनातले बोलला, आणि म्हणून तर हा लेख. राजाची रात्र ती तहजीब, बाजारगावची रात्र तो धंदा. तिकडे गाणे झाले की संस्कृती, इकडे झाले की चाळे. ही वाटणी आपण कधी केली, कशाच्या आधारावर केली, आणि तिचे पैसे कोणाच्या खिशातून गेले, हा माझा प्रश्न आहे.

आणि हो, ती वही माझ्या आजोबांची आहे.

* * *

आजोबा म्हणजे माझ्या आईचे वडील. आमचे आजोळ धर्माबादच्या बाजूला, रेल्वेच्या फाट्यावरचे एक बाजारगाव. गावाचे नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथल्या थिएटरात नाचलेल्या बायकांची नातवंडे आज त्याच भागात नोकऱ्या करतात, संसार करतात. त्यांच्या परवानगीवाचून त्यांचा इतिहास छापण्याचा मला अधिकार नाही.

आजोबा मोंढ्यात एका अडत्याकडे मुनीम होते. मिरचीच्या हंगामात व्यापारी, गाडीवान, हमाल, निजामाबादकडचे खरीददार यांची गर्दी होई. माल उतरला, सौदा झाला, की संध्याकाळनंतर करायचे काय? १९५१ साली आजोबांनी अडत्याचे एक पडीक गोदाम भाड्याने घेतले. पुढे फळ्यांचा बोर्ड बांधला, मागे सहा खोल्या काढल्या, दोन गॅसबत्त्या टांगल्या आणि संगीत बारीचे थिएटर सुरू केले. शहरातले लोक ज्याला नाइट क्लब म्हणतात तोच हा प्रकार, फक्त पत्र्याखालचा. त्या वेळी आम्ही हैदराबाद संस्थानच्या मुलखात होतो. त्यामुळे थिएटरचा परवाना उर्दूत, वही मोडीत, आणि हिशेब दोन चलनांत. पहिल्या वर्षांच्या पानांवर 'हाली' आणि 'कलदार' असे दोन रकाने आहेत. सात हाली म्हणजे सहा कलदार. शाळेत मी त्रैराशिक शिकवतो, पण त्रैराशिकाचा खरा उपयोग मला त्या वहीत कळला.

ज्यांनी संगीत बारी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. थिएटरात चार-पाच पार्ट्या मुक्कामाला असत. प्रत्येक पार्टीची एक मालकीण, तिच्या गाणाऱ्या-नाचणाऱ्या मुली, एक ढोलकीवाला, एक पेटीवाला, एक तबलजी. बारी म्हणजे पाळी. एका पार्टीने अर्धा तास बोर्डावर गायचे, मग दुसरीने. तिकीट काढून आलेल्याला सगळ्यांचे गाणे ऐकायला मिळे. ज्याच्या खिशात जास्त असेल तो नंतर एखाद्या पार्टीची खोलीत बैठक मांडे. तिथे लोडतक्के, पानाचा डबा, आणि ओळीओळीला होणारा दौलतजादा. रुपयातले चार आणे थिएटरचे, बाकी पार्टीचे. रात्री दोनला गॅसबत्ती खाली उतरली की खेळ बंद, मग समोर देशमुख बसलेला असो की फौजदार.

कलावंत सांभाळणे म्हणजे काय, हे आजी सांगायची. आजी कधी बोर्डासमोर बसली नाही, पण थिएटर तिनेच चालवले असे मला वाटते. एका पार्टीची बाई काळी पाचमध्ये गायची, दुसरीची पांढरी चारमध्ये, आणि चांगला पेटीवाला गावात एकच. दोघींनाही तोच हवा. मग भांडण, मग रडारड, मग आजीची मध्यस्थी. पावसाळ्यात ढोलकीचे पान सर्द होई, तेव्हा आजीच्या स्वयंपाकघरातली शेगडी ढोलकी शेकायला जाई आणि घरच्यांची भाकरी तासभर थांबे. कोणी उचल घेऊन रात्रीच्या गाडीने पळे. कोणी दारू पिऊन बोर्डाच्या पायरीवर झोपे. कोणाच्या पोराला गोवर येई, आणि ते पोर आजीच्या खोलीत आठ आठ दिवस राही.

पगार सोमवारी. आमच्या आजोळचा आठवडी बाजार सोमवारचा. वाजवणाऱ्यांच्या बायका खेड्यांतून बाजाराला येत, आणि आजी त्यांच्या देखत, शक्यतो त्यांच्याच हातावर, पैसे ठेवी. प्यालेल्या हाताला पैसा द्यायचा नाही, हा तिचा कायदा. संगीत बारीत वाजवणाऱ्यांचा हिस्सा सहसा पार्टीची मालकीण देते. आजोबांनी तो भाग स्वतःकडे घेतला होता. ते म्हणत, "वाजवणाऱ्याला सगळ्यात शेवटी मोजतात, आणि शेवटी काही उरत नाही."

थिएटर १९७३ साली बंद झाले. १९७२ च्या दुष्काळाने मोंढा बसला, आणि उरलेले गिऱ्हाईक टुरिंग टॉकीजने नेले. माझी आई त्या थिएटरच्या मागच्या खोलीत वाढली. लग्नात तिच्या माहेरचा धंदा 'लॉजिंग-बोर्डिंग' असा सांगितला गेला. पुढे तिने जन्मभर तेच सांगितले.

* * *

आता हैदराबाद. तिथल्या रात्रींविषयी मी ऐकीव बोलत नाही. उस्मानिया विद्यापीठात मराठी घेऊन मी एम.ए. केले, १९९१ ते १९९३. मामाकडे काचीगुड्याला राहत होतो. त्या शहराने मला खूप दिले आहे, आणि त्याच्या संगीताचा मला द्वेष नाही. उलट अभिमान आहे.

मह लका बाई चंदा (१७६८ ते १८२४) याच शहराची. गाणारी, नाचणारी, उर्दूत दीवान असलेली कवयित्री, दरबारात मान असलेली स्त्री. मौलाअलीच्या डोंगराच्या पायथ्याशी तिची कबर आहे आणि अलीकडे तिचा जीर्णोद्धारही झाला आहे. चांगले झाले. पण तिच्याविषयी आपण आदराने बोलतो ते तिच्या गाण्यामुळे की तिच्या जहागिरीमुळे? जहागीर नसती तर तिला कोणत्या शब्दाने हाक मारली असती, हे ज्याचे त्याने मनाशी म्हणून पाहावे.

सातव्या निजामाचे धाकटे चिरंजीव मोअज्जम जाह यांचा दरबार तर रात्रीचाच. ते स्वतः 'शजी' या नावाने शायरी करीत. १९३० च्या दशकात त्यांच्याकडे रात्ररात्र शायर, गवय्ये, मुसाहिब बसत आणि पहाटे उठत. त्या दरबारात बसलेल्या सिद्क जायसी यांनी 'दरबार-ए-दुर्बार' हे पुस्तकच लिहिले आहे. नरेंद्र लूथर यांनी ते इंग्रजीत आणले. ज्या हिल फोर्ट पॅलेसमध्ये राजपुत्र राहत, तिथे पुढे रिट्झ हॉटेल झाले. म्हणजे राजाची रात्र सरळ हॉटेलात गेली, आणि कोणाला त्यात विटाळ वाटला नाही.

याच वर्तुळात फानी बदायुनी होते. उर्दू गझलेतले मोठे नाव. महाराजा किशन प्रसाद यांच्या आश्रयाने ते हैदराबादला आले आणि तिथे शाळेचे हेडमास्तर झाले. हेडमास्तर! मी हे प्रथम वाचले तेव्हा पुस्तक मिटून बसलो. दिवसा शाळा, रात्री दरबार. १९४१ साली हा शायर हैदराबादेतच विपन्नावस्थेत गेला. ज्या शहरात रात्री त्याच्या शेरांवर 'वाहवा' होत होती त्याच शहरात. वाहवा ही वहीत मांडता येत नाही, हा त्यातला धडा आहे.

आणि आपले विठ्ठल राव. मराठी वाचकाला हे नाव तरी माहीत असावे. पोरवयात ते मोअज्जम जाह यांच्या दरबारात गायला लागले आणि पुढे सगळ्या हैदराबादने त्यांना गझलेचे उस्ताद मानले. २०१५ च्या मे महिन्यात, ऐंशी ओलांडलेले विठ्ठल राव शिर्डीला गेले असता बेपत्ता झाले. महिनाभर शोध चालला, आणि अखेर कळले ते हे की त्यांचा मृत्यू हैदराबादेतच झाला. यात कोणाचा दोष काढायचा नाही. म्हातारपण कोणालाही गाठते. पण आवाज ओळखणारे शहर चेहरा ओळखेलच असे नाही, एवढे तरी त्या बातमीने शिकवले.

सगळेच आश्रयदाते तसे होते असेही मी म्हणत नाही. बडे गुलाम अली खाँसाहेबांचे शेवटचे दिवस बशीरबाग पॅलेसच्या पाहुणचारात गेले, १९६८ साली ते तिथेच वारले. पाहुणचार होता, सन्मान होता. पण तो खाँसाहेबांचा. त्यांच्या तोलाचे नाव नसलेल्या, मागे बसून वाजवणाऱ्या माणसाला कोणत्या पॅलेसात खोली मिळाली?

* * *

तशा एका माणसाला मी ओळखत होतो.

आजोबांच्या थिएटरात पहिली आठ-दहा वर्षे एक सारंगीवाले होते. हैदराबादचे. सगळे त्यांना चाचा म्हणत. संगीत बारीत सारंगी हा दुर्मीळ प्रकार, पण चाचा आले त्याला कारण होते. चाचा एका जहागीरदाराच्या देवडीवर वाजवत. १९४८ च्या सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली, १९४९ च्या ऑगस्टमध्ये जहागिरी खालसा झाल्या. ते योग्यच झाले. त्या जहागिरींखाली रयतेचे काय हाल होते ते आमच्या भागात सांगायला नको. पण देवडीचा दरवाजा बंद झाला तेव्हा आत वाजवणाऱ्यांचे पुढे काय, हे कोणत्याही सरकारी हुकमात लिहिलेले नव्हते. चाचा सारंगी गवसणीत घालून मनमाडकडे जाणाऱ्या मीटर गेजच्या गाडीत बसले आणि आमच्या आजोळी उतरले. मोंढ्यातल्या मिरचीच्या ठसक्याने पहिल्या रात्री त्यांना इतका खोकला आला की सारंगी जुळवता येईना. लोक ओरडू लागले. आजोबांनी बोर्डावर जाऊन सांगितले, "उस्तादांची सारंगी जुळेपर्यंत तिकिटाचे पैसे कोणाला परत हवे असतील तर घेऊन जा." दोघे उठले. बाकीचे बसले.

मी एम.ए.ला असताना मामांनी मला चाचांकडे नेले. ऐंशीच्या पुढे गेलेले, महबूब की मेहंदी या वस्तीच्या मागे एका खोलीत राहणारे. डोळे गेलेले. मी नाव सांगितल्यावर त्यांनी पहिला प्रश्न केला तो आजोबांच्या तब्येतीचा नव्हे, वहीचा. "सेठ की किताब सलामत है?" मी म्हटले, आहे. मग मी माझे पुस्तकी ज्ञान पाजळले. देवडीच्या मैफली, त्या काळची कदरदानी वगैरे. चाचा थोडा वेळ ऐकत राहिले आणि म्हणाले:

"देवडी में इनाम मिलता था, मियाँ. तुम्हारे नाना के हाँ मजदूरी मिली. इनाम उनकी मर्जी, मजदूरी मेरा हक."

एम.ए.च्या दोन वर्षांत मला इतके नेमके वाक्य वर्गात ऐकायला मिळाले नाही. इनामासाठी वाट पाहावी लागते, हसावे लागते, मालकाचा मूड सांभाळावा लागतो. मजुरीसाठी सोमवार लागतो. चाचांच्या नावावर वहीत 'सारंगी, हाली १४' असे लागोपाठ सोमवार आहेत, पुढे 'कलदार १२'. चलन बदलले, मजुरी बुडाली नाही.

महबूब की मेहंदी ही वस्ती १९९६ साली उठवली गेली. तेव्हा चाचा नव्हते. तिथे शेवटी शेवटी गाणे नावालाच उरले होते आणि मुलींची विक्री चालत होती, हे खरे आहे. त्या मुलींसाठी काम करणारी 'प्रज्वला' ही संस्था त्यातूनच उभी राहिली. पण तिथल्या तबला-सारंगीवाल्यांचे काय झाले, हे मी नंतर पुष्कळांना विचारले. तहजीबवर तासभर बोलणाऱ्यांनाही विचारले. उत्तर मिळाले नाही.

* * *

आता तुम्ही म्हणाल, हेडमास्तर, आजोबांच्या धंद्याला सोवळे नेसवू नका. थिएटरच्या खोल्यांत काय चाले हे सगळ्यांना माहीत आहे.

मान्य. आणि तुम्हाला जेवढे माहीत आहे त्याहून जास्त मला माहीत आहे, कारण वही माझ्याजवळ आहे. त्या वहीचा मागचा भाग मी वर्षानुवर्षे उघडत नव्हतो. १९९४ साली डॉ. किशोर शांताबाई काळे यांचे 'कोल्हाट्याचं पोर' आले. नाचणाऱ्या बाईच्या पोटी जन्मलेल्या मुलाने आतून सांगितलेले ते सगळे वाचल्यावर मी मागची पाने उघडली. तिथे उचल लिहिलेली आहे. एका पार्टीच्या खात्यावर १९६१ साली उचल ६०० रुपये. तीन हंगाम त्या पार्टीने बोर्ड गाजवला. तीन हंगामांनंतर शिल्लक ७४०. म्हणजे नाचून नाचून कर्ज वाढले. मध्ये नोंदी आहेत: डॉक्टर, लुगडी, घुंगरू, बहिणीचे लग्न, व्याज. व्याज! वाजवणाऱ्यांचा सोमवार न चुकवणाऱ्या माझ्या आजोबांनी नाचणाऱ्या बायकांना व्याज लावले. त्या फिटेपर्यंत थिएटर सोडून जाऊ शकत नव्हत्या, आणि फिटत तर नव्हतेच.

हे मी का लिहितो? कारण ज्या मापाने मी देवडी मोजली त्याच मापाने आजोबा मोजले पाहिजेत. वाजवणारा पुरुष मजूर झाला, त्याला हक्क मिळाला. नाचणारी बाई मात्र ऋणकोच राहिली. आजीने गोवर आलेली पोरे सांभाळली, पण ते व्याज तिने पुसले नाही. आमच्या घरावर ते कर्ज उलट्या बाजूने आजही आहे.

पण वाचकहो, हे मला कोठून कळले? वहीतून. देवडीची अशी वही कोणी दाखवील का? दरबाराच्या रात्रीत कोणाचे किती अडकले होते, हे अत्तराच्या वासात कोणी विचारीत नाही. बाजारगावच्या थिएटरात पाप होते म्हणून तिथली कला खोटी ठरत असेल, तर हा न्याय सोनेरी किनारीच्या पत्रिकेलाही लावा. नाही तर कोणालाच लावू नका.

* * *

हा दुटप्पीपणा फक्त आमच्या मनात असता तर एक वेळ चालले असते. आपण तो कायद्यात लिहून ठेवला. २००५ साली महाराष्ट्राने डान्स बारवर बंदी घातली तेव्हा त्याच दुरुस्तीत तीन तारे आणि त्यावरची हॉटेले, जिमखाने, क्लब यांना सूट दिली. तोच नाच, तीच बाई, तीच रात्र; तीन तारे असले की संस्कृती, नसले की अश्लीलता. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली ही बंदी रद्द केली, आणि १६ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. श्रीमंतापुढे जे सभ्य ते गरिबापुढे असभ्य कसे, हाच न्यायालयाच्या विचाराचा गाभा होता. मग २०१६ साली नवा कायदा आला, आणि त्यातल्या अनेक अटी जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काढून टाकल्या. ऑर्केस्ट्रा बारमध्ये चार पुरुष आणि चारच स्त्रिया अशी अट असे; तीही फेब्रुवारी २०२२ मध्ये गेली. एकूण आठ ही मर्यादा राहिली, त्यात स्त्रिया किती हे पार्टीने ठरवावे.

बारमधल्या मुलींचे शोषण होत नव्हते असे मी म्हणणार नाही. माझ्या आजोबांच्या वहीची मागची पाने वाचलेला माणूस तसे म्हणू शकत नाही. पण शोषण थांबवायचे तर वही तपासावी लागते. उचल किती, व्याज किती, मजुरी कोणाच्या हातात. आपण मात्र वही तपासत नाही, दिवा विझवतो. दिवा विझवला की आपल्याला दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणजे पाप संपले.

आणि गौरव करायची वेळ आली की आपण मरणाची वाट पाहतो. विठाबाई नारायणगावकरांना १९५७ आणि १९९० साली राष्ट्रपतींच्या हस्ते गौरवले गेले. २००२ च्या जानेवारीत त्या गेल्या तेव्हा औषधपाण्याचे पैसे गाठीला नव्हते. २००६ पासून राज्य सरकारचा जीवनगौरव पुरस्कार त्यांच्या नावाने दिला जातो. म्हणजे पुरस्कार इनामातच मोडतो. सोमवार तिथेही आला नाही.

* * *

आता मुद्द्यावर येतो. मानधनाची रक्कम २०२४ पासून दरमहा ५,००० रुपये झाली आहे. ज्या म्हाताऱ्या माणसाच्या घरात औषधाच्या गोळ्या अर्ध्या करून घेतल्या जातात, तिथे ही रक्कम मोठी आहे. ती कोणाला मिळणार हे कागद ठरवतो. कागद कोणाजवळ असतो? ज्याचे कार्यक्रम सभागृहात झाले त्याच्याजवळ. ज्याने दहा वर्षे रोज रात्री, गॅसबत्तीखाली, थुंकीने आणि विडीच्या धुराने भरलेल्या गोदामात ताल धरला, त्याला पत्रिका कोण छापणार होते? त्याच्या कलेची नोंद एकाच ठिकाणी झाली. मजुरीच्या वहीत.

तेव्हा माझे म्हणणे असे. थिएटरांच्या, फडांच्या, ऑर्केस्ट्रांच्या, बँडपार्ट्यांच्या जमाखर्चाच्या वह्या पुरावा म्हणून धरल्या जाव्यात. उलट प्रशस्तिपत्रापेक्षा त्या अधिक भरवशाच्या आहेत. प्रशस्तिपत्र ओळखीने मिळते. माझ्या आजोबांसारखा मुनीम न वाजवणाऱ्याला १८ रुपये देणार नाही.

दुसरे म्हणणे आपल्या सीमाभागातल्या साहित्य संमेलनवाल्यांना. लोककलेवर परिसंवाद ठेवता तेव्हा व्यासपीठावर पाच प्राध्यापक बसवता. त्यातली एक खुर्ची वाजवणाऱ्याला द्या, आणि त्याला शाल-नारळाबरोबर बिदागीही द्या. शाल पांघरून दुकानात तांदूळ मिळत नाहीत.

तिसरे म्हणणे माझ्यासारख्यांना, आणि ते सगळ्यात कठीण. आपल्यापैकी किती घरांत अशा वह्या असतील! कोणाच्या आजोबांचे थिएटर, कोणाच्या चुलत्याची पार्टी, कोणाच्या मामाचा बँड. मुलांची लग्ने जमावीत म्हणून आपण त्या वह्या बंबात घातल्या. मी तरी कोण मोठा लागून गेलो? माझ्या मुलीच्या स्थळांसाठी माहिती लिहिली तेव्हा आईच्या माहेरच्या व्यवसायापुढे मी 'व्यापार' असे लिहिले. लेखणी माझीच होती. ज्या शेऱ्यावर मी हा लेख रागाने लिहिला तोच शेरा मी आधी माझ्या आजोबांवर मारला होता.

हैदराबादच्या कार्यक्रमाला मी गेलो. गझल चांगली झाली. निवेदकाने गायकाचे नाव सात वेळा घेतले, आश्रयदात्यांची नावे अकरा वेळा. तबला आणि सारंगी कोणाची, हे सांगायचे राहिले. मी मध्यंतरात मागे जाऊन सारंगीवाल्यांना नाव विचारले आणि बिदागी मिळाली का तेही विचारले. ते हसले आणि म्हणाले, "मिल जाएगी, साब."

ढोलकीवाल्यांचा अर्ज मी पुन्हा पाठवला आहे. या वेळी झेरॉक्सबरोबर वही कोठे पाहायला मिळेल तेही लिहिले आहे. वही आता माझ्या घरी नाही, शाळेच्या कपाटात आहे, पुढच्या पानांसह आणि मागच्या पानांसह. मोडी वाचता येत नसेल तर मी वाचून दाखवीन. कलेचा पुरावा ज्यांना पाहायचा असेल त्यांनी शाळेच्या वेळेत यावे. शक्यतो सोमवारी.